ट्राबांट, बंपर आणि बादलीवाला

गाडीचा बंपर फुटला की आपल्याकडे साधारण दोन प्रश्न विचारले जातात. एक, इन्शुरन्समध्ये बसेल का? दोन, नवीन पार्ट कधी येईल? "हा जोडता येईल का?" हा तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. विचारलाच, तर काउंटरपलीकडचा माणूस आपण मॉलमध्ये भाव करायला लागल्यासारखा आपल्याकडे बघतो.

हा तिसरा प्रश्न एका अख्ख्या देशाने तीस-पस्तीस वर्षं विचारला. तो देश आता नकाशावर नाही. पूर्व जर्मनी. तिथली जवळजवळ प्रत्येक कुटुंबाला हवी असणारी गाडी प्लास्टिकच्या अंगाची होती, आणि तिला तडा गेला की तो घरी, गॅरेजमध्ये नाहीतर बिल्डिंगच्या मागच्या अंगणात बुजवला जायचा. यातली खरी गंमत पुढेच आहे. त्यांच्याकडचं प्लास्टिक जोडायला महाकठीण जातीचं होतं. आपल्या गाड्यांना असतं ते जोडायला त्यामानाने फारच सोपं. तरी त्यांनी जोडलं आणि आपण टाकतो. हे असं का झालं, त्याची ही गोष्ट. थोडं रसायनशास्त्र येईल, पण घाबरू नका, बारावीच्या पुढे जाणार नाही. :)

सुरुवात प्लास्टिकच्या दोन जातींपासून. एक जात मेणबत्तीसारखी. तापवली की वितळते, गार झाली की घट्ट होते, परत तापवली की परत वितळते. याला थर्मोप्लास्टिक म्हणतात. दुसरी जात भाकरीसारखी. पीठ एकदा तव्यावर भाजलं की झाली भाकरी. ती परत तापवली तर करपेल, पण तिचं पुन्हा पीठ होणार नाही. हे थर्मोसेट. पहिल्या जातीत रेणूंच्या लांबलचक साखळ्या एकमेकींत नुसत्या गुंतलेल्या असतात, शेवयांसारख्या. उष्णता दिली की त्या एकमेकींवरून सरकतात. दुसऱ्या जातीत त्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधल्या जातात. मग सरकणार कुठून?

माणसाने पूर्णपणे कृत्रिम बनवलेलं पहिलं प्लास्टिक या दुसऱ्या जातीचं होतं. लिओ बेकलंड नावाच्या बेल्जियममध्ये जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ साली अमेरिकेत फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड एकत्र करून ते बनवलं आणि १९०९ साली त्याचं पेटंट मिळवलं. त्याचं नाव बेकलाइट. जुन्या घरातली काळी बटणं, काळा जाडजूड टेलिफोन आणि अजूनही आपल्या स्वयंपाकघरात असलेलं प्रेशर कुकरचं काळं हँडल, ही सगळी याच खानदानातली. कुकरचं हँडल तुटलं की ते वितळवून जोडता येत नाही, नवीनच बसवावं लागतं, त्याचं कारण हे. हे हँडल लक्षात ठेवा. पुढे त्याची मोटार होणार आहे.

प्लास्टिकच्या मोटारीचं स्वप्न आधी पडलं ते हेन्री फोर्डला. १९४१ च्या ऑगस्टमध्ये मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला त्याने एक गाडी लोकांसमोर आणली. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वर प्लास्टिकची १४ पॅनेलं. शेतमालापासून कारखान्यांना लागणाऱ्या वस्तू बनवायच्या हे फोर्डचं वेड होतं, म्हणून ही गाडी 'सोयाबीनची गाडी' म्हणून प्रसिद्ध झाली. त्याआधी फोर्डने आपल्याच गाडीच्या डिकीच्या प्लास्टिकच्या झाकणावर कुऱ्हाड हाणून दाखवली होती, तो फोटो आजही फिरतो. पण महायुद्ध आलं, अमेरिकेतलं मोटारींचं उत्पादन थांबलं आणि युद्धानंतर पोलादाची काही कमतरता नव्हती. सोयाबीनची गाडी तिथेच संपली. आज तिचा एकही नमुना शिल्लक नाही.

ज्यांच्याकडे पोलाद भरपूर होतं त्यांना प्लास्टिकची गरज नव्हती. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांना होती. इथून आपण झ्विकाऊला जाऊ.

झ्विकाऊ हे सॅक्सनी प्रांतातलं गाव. युद्धाआधी इथे हॉर्श आणि ऑडी या तालेवार गाड्यांचे कारखाने होते. युद्धानंतर हा भाग सोव्हिएत ताब्यात गेला आणि पुढे पूर्व जर्मनीत आला. मोटारीचं अंग बनवायला जो खास पत्रा लागतो, म्हणजे साच्यात दाबला तरी न फाटता खोल वाकणारा पोलादी पत्रा, तो या देशाकडे पुरेसा नव्हता आणि शीतयुद्धातल्या निर्बंधांमुळे पश्चिमेकडून मिळणंही मुश्किल होतं. मग काय होतं त्यांच्याकडे? कोळशावर चालणारा मोठा रसायन उद्योग होता, म्हणजे फिनॉल रेझिन होतं. आणि सोव्हिएत युनियनमधून येणारा टाकाऊ कापूस होता, सूत कातायला निरुपयोगी अशा आखूड तंतूंचा. कापसाच्या तंतूंचे थर, त्यांत फिनॉल रेझिन, आणि हे सगळं तापलेल्या साच्यात प्रेसखाली दाबायचं. बाहेर येतं ते पॅनेल. नाव ड्युरोप्लास्ट. थोडक्यात काय, कुकरच्या हँडलचा चुलतभाऊ, फक्त पोटात कापूस घातलेला.

१९५५ च्या पी-७० या गाडीवर हा प्रयोग आधी झाला. मग ७ नोव्हेंबर १९५७ रोजी नव्या छोट्या गाडीचं उत्पादन सुरू झालं. महिनाभर आधीच स्पुटनिक आकाशात गेला होता, म्हणून हिचं नाव ट्राबांट, म्हणजे उपग्रह, सोबती. आत पोलादी सांगाडा, वर ड्युरोप्लास्टचं कातडं. इंजिन दोन सिलेंडरचं, टू-स्ट्रोक, आपल्या जुन्या बजाज स्कूटरसारखं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं आणि तसाच निळा धूर सोडणारं. १९६४ पासूनच्या ६०१ मॉडेलमध्ये सुरुवातीला त्याहून कमी, पण पुढे २६ अश्वशक्ती. बहुतेक गाड्यांना पेट्रोलचा काटाच नव्हता, बॉनेट उघडून टाकीत पट्टी बुडवून बघायचं. लोक तिला प्रेमाने आणि चिडून 'रेनपापे' म्हणायचे, म्हणजे शर्यतीचा पुठ्ठा. पुठ्ठा वगैरे काही नव्हता त्यात, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

३० एप्रिल १९९१ ला शेवटची ट्राबांट बाहेर पडेपर्यंत एकूण जवळपास ३१ लाख गाड्या बनल्या. आकडा मोठा वाटतो, पण मागणीच्या मानाने काहीच नाही. नवीन गाडीसाठी नाव नोंदवायचं आणि दहा-दहा वर्षांहून जास्त थांबायचं. आपल्याकडे स्कूटरसाठी नंबर लावून थांबलेल्या पिढीला हे समजावून सांगायला नको. आणि तिथेही तेच झालं जे आपल्याकडे झालं. हातात मिळणारी जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा महाग विकली जायची.

आता अशी कल्पना करा की दहा वर्षं थांबून मिळालेल्या गाडीचा मडगार्ड कुणीतरी ठोकला. पत्र्याला पोचा येतो, ड्युरोप्लास्टला पोचा येत नाही. ते थोडं लवचिक असतं, छोटा धक्का सहज पचवतं, पण मर्यादा ओलांडली की सरळ तडा जातो. पत्रा असता तर हातोडीने ठोकून सरळ केला असता. हे ठोकता येत नाही. वितळवताही येत नाही, कारण भाकरी एकदा भाजली गेलीय. वेल्डिंगचा तर प्रश्नच नाही. नवीन पॅनेल? सुट्या भागांचीही टंचाई. म्हणजे तिन्ही दरवाजे बंद.

उरला एकच मार्ग, चिकटवणे. आणि इथे या कठीण जातीच्या प्लास्टिकचा एक गुण कामाला येतो. फिनॉल रेझिनला इतर रेझिन छान धरतात. त्यात तडा गेलेल्या कडेला कापसाचे तंतू उघडे पडलेले असतात, नवीन रेझिन त्या तंतूंमध्ये झिरपतं. तर पद्धत अशी. तड्याची आतली बाजू काचपेपरने चांगली खरवडायची. तडा जिथे संपतो तिथे ड्रिलने एक बारीक भोक पाडायचं. मागून काचतंतूंचं कापड, म्हणजे आपण ज्याला सरसकट फायबर म्हणतो ते, इपॉक्सी किंवा पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून थरावर थर लावायचं. पॅनेलचं बळ या मागच्या ठिगळात. पुढून तडा इंग्रजी 'व्ही'सारखा खोदून त्यात पुट्टी भरायची, घासायची आणि रंग मारायचा. ओव्हन नको, प्रेस नको. ही रेझिन हार्डनर मिसळला की खोलीच्या तापमानाला घट्ट होतात. जे पॅनेल बनवायला अजस्र तापलेला प्रेस लागायचा, ते जोडायला एक ब्रश, कात्री आणि रविवार पुरायचा.

हे ज्ञान तोंडोतोंडी पसरलं तसंच छापूनही आलं. बर्लिनच्या टेक्निक प्रकाशनाने काढलेली दुरुस्तीची एक पुस्तकमालाच होती. तिच्या नावाचं मराठी करायचं तर 'माझी मदत मी कशी करू?' त्यात ट्राबांटचं पुस्तक होतं. कार मॅन्युअलचं हे नाव मला फार आवडतं. आपल्या गाड्यांसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेचा सूर नेमका उलटा असतो. पानापानावर एकच सल्ला, अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा.

जाता जाता त्या बारीक भोकाबद्दल, कारण ते मला या सगळ्या कारागिरीतलं सर्वांत हुशार पाऊल वाटतं. तुटलेल्या वस्तूला आणखी एक भोक पाडायचं, हे ऐकायलाच उफराटं वाटतं. पण १९१३ साली चार्ल्स इंग्लिस या इंग्रज इंजिनिअरने गणिताने दाखवलं की वस्तूवरचा ताण भेगेच्या टोकाशी एकवटतो, आणि टोक जितकं अणकुचीदार तितका तो जास्त. १९२१ साली ग्रिफिथने काचेवर प्रयोग करून भेग कधी पळत सुटते याचा सिद्धांत मांडला. इंग्लिसच्या सूत्रात आकडे घालून बघू. समजा कडेपासून आत गेलेला २५ मिलिमीटरचा तडा आहे आणि त्याच्या टोकाची त्रिज्या ०.०१ मिलिमीटर. टोकाशी ताण होतो आजूबाजूच्या सुमारे १०० पट. आता तिथे ३ मिलिमीटरचं भोक पाडा. त्रिज्या झाली १.५ मिलिमीटर आणि ताण आला सुमारे ९ पटीवर. ढोबळ हिशोब आहे, पण मुद्दा कळतो. ज्याने मागून ठिगळ लावलं पण भोक पाडलं नाही, त्याचा तडा ठिगळाच्या पलीकडे पुन्हा डोकं काढणार. झ्विकाऊच्या अंगणातल्या माणसाला इंग्लिस माहीत असायची गरज नव्हती. त्याला एवढंच माहीत होतं की भोक नाही पाडलं तर पुढच्या हिवाळ्यात परत हेच काम.

पश्चिमेत या काळात काय चाललं होतं? तिथेही प्लास्टिकच्या गाड्या होत्या, पण कारण वेगळं. काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिनच्या होड्या युद्धानंतर अमेरिकेत बनू लागल्या, आणि होडी बनते तर गाडी का नाही, असा विचार सुरू झाला. ३० जून १९५३ रोजी मिशिगनमधल्या फ्लिंट गावी पहिली शेवरोले कॉर्व्हेट तयार झाली. त्या वर्षी फक्त ३०० बनल्या, सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांचं अंग फायबरग्लासचं. पत्रा दाबायचे साचे प्रचंड महाग असतात, ते लाखो गाड्या विकल्या तरच परवडतात. थोड्याच गाड्या काढायच्या असतील तर फायबर स्वस्त पडतं. आपल्याकडे बंगळुरूच्या सिपानींनी १९८० च्या दशकात काढलेली डॉल्फिन ही फायबरच्या अंगाची गाडी. इंग्लंडच्या रिलायंट किटनची ती भारतीय बहीण. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि डॉल्फिनचं जे व्हायचं ते झालं.

दुरुस्तीची पद्धत मात्र तीच. कॉर्व्हेट असो, डॉल्फिन असो की ट्राबांट, मागून काचकापडाचं ठिगळ आणि रेझिन. फरक एवढाच, की एकीकडे ते शौकिनांचं काम होतं आणि दुसरीकडे शाळामास्तरचं.

इथपर्यंत सगळी भाकरीची जात झाली. आता मेणबत्तीकडे वळू, म्हणजे आपल्या बंपरकडे.

१९६० च्या दशकापर्यंत बंपर म्हणजे चकचकीत क्रोमचा पोलादी पट्टा. आपल्या अ‍ॅम्बॅसॅडर आणि पद्मिनीचा आठवा. १९६८ साली पाँटिअ‍ॅकने जीटीओ गाडीला गाडीच्याच रंगाचा लवचिक बंपर दिला. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये रेनो ५ आली, तिचे प्लास्टिकचे बंपर पार्किंगमधल्या धक्क्यांसाठीच होते. त्याच सुमारास अमेरिकन सरकारने नियम आणला, की १९७३ च्या मॉडेलपासून पुढचा बंपर ताशी ५ मैलांची, म्हणजे ८ किलोमीटरची टक्कर दिवे वगैरे न मोडता सोसला पाहिजे. आधी कंपन्यांनी ओंडक्यासारखे पोलादी बंपर लावले. मग कामाची वाटणी झाली. धक्का सोसायला आत बीम आणि फोम, दिसायला वरून प्लास्टिकचं कव्हर. आज आपण ज्याला बंपर म्हणतो ते फक्त हे कव्हर असतं.

हे कव्हर कशाचं करायचं, या शर्यतीत शेवटी जिंकलं पॉलिप्रॉपिलीन. १९५४ साली मिलानमध्ये ज्युलिओ नाट्टा यांच्या प्रयोगशाळेत ते नीट रचनेत बनलं, १९५७ मध्ये इटलीतच फेरारा इथे कारखान्यात त्याचं उत्पादन सुरू झालं आणि १९६३ साली नाट्टांना कार्ल झीग्लर यांच्यासोबत नोबेल मिळालं. स्वस्त, हलकं, पाण्याला आणि बॅटरीच्या अ‍ॅसिडलाही न जुमानणारं. थंडीत ठिसूळ व्हायचं, म्हणून त्यात ईपीडीएम नावाचं रबर मिसळलं. आकार टिकावा म्हणून टाल्क घातलं, तेच टाल्कम पावडरमधलं. आणि साचा एकच, माल ओता, गार करा, काढा.

तर आता आपल्यासमोर मेणबत्तीच्या जातीचं प्लास्टिक आहे. वितळवा आणि जोडा, इतकं सोपं. मग लोक म्हणतात बंपर जोडला तरी टिकत नाही, ते का? कारण आपण मेणबत्तीवर भाकरीचा उपाय करतो. आपण गोंद लावतो.

पॉलिप्रॉपिलीन हे गोंदाला धरूच देत नाही. त्याचा पृष्ठभाग मेणचट, कुठलाही द्रव त्यावर नीट पसरत नाही, अळूच्या पानावर पाणी जसं गोळा होतं तसं. त्यामुळे एरवी लोखंडालाही न सोडणारं एराल्डाइट आणि क्षणात बोटं चिकटवणारं फेविक्विक, दोन्ही इथे कागदासारखे सोलून निघतात. ट्राबांटवाल्याची पद्धत जशीच्या तशी आपल्या बंपरवर चालत नाही, आणि आपला बंपर जोडायची पद्धत ट्राबांटवर चालली नसती. म्हणून पहिलं काम, समोरचं प्लास्टिक कुठल्या जातीचं आहे ते ओळखणं. सुदैवाने उत्तर त्याच्यावरच छापलेलं असतं. बंपर काढून आतली बाजू बघा. दोन कोनी कंसांमध्ये पीपी आणि ईपीडीएम या अर्थाची रोमन अक्षरं आणि टाल्कचं प्रमाण सांगणारा आकडा असतो. ही खूण आंतरराष्ट्रीय मानकानुसार रिसायकलिंगसाठी ठेवलेली असते, पण दुरुस्तीवाल्याला ती कुंडलीच. स्कूटरची पॅनेलं, आरशांची कव्हरं आणि ग्रिल अनेकदा एबीएसची असतात, तिथे उपाय आणखी सोपा. एबीएस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं. त्याच जातीच्या भंगार तुकड्याचा कीस अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून लगदा करायचा आणि तोच तड्यात भरायचा. अ‍ॅसिटोन उडून जातं, एबीएस उरतं. पॉलिप्रॉपिलीनवर मात्र अ‍ॅसिटोनचा काही परिणाम होत नाही.

बंपरसाठी वेल्डिंग. मी ते दोन-तीनदा मित्रांच्या गाड्यांवर केलंय. फायनल इयरच्या प्रोजेक्टपासून घरात पडलेली सोल्डरिंग आयर्न होती, तीच वापरली. आधी साबणाने स्वच्छ धुवायचं. तड्याच्या टोकाला तेच बारीक भोक. दोन्ही कडा जुळवून मागून तडा खोदत खोदत वितळवायचा आणि त्यात पॉलिप्रॉपिलीनचीच काडी वितळवून भरायची. बारीक स्टीलची जाळी तापवून मागच्या बाजूला बुडवली तर सांधा आणखी मजबूत होतो. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतं आणि सोल्डरिंग आयर्न त्याहून कितीतरी तापते, त्यामुळे हात एका जागी ठेवायचा नाही. धूर आला म्हणजे प्लास्टिक जळतंय, आणि जळलेलं प्लास्टिक जोडत नाही. खिडक्या उघड्या, मास्क लावलेला, हे सांगायला नकोच. मग घासणं. पॉलिप्रॉपिलीन घासताना लोकरीसारखे केस निघतात, चिडायचं नाही, हळू घासायचं. रंगाच्या आधी प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर मारायचा, नाहीतर रंगही गोंदासारखाच सोलून निघेल.

काय जोडायचं नाही, तेही सांगतो. आतला बीम वाकला असेल तर कव्हर जोडून उपयोग नाही, आधी तो बघा. कव्हर जिथे गाडीला अडकतं ते कान पूर्ण तुटून हरवले असतील तर कष्ट फार आणि भरवसा कमी. आणि नव्या गाड्यांत बंपरमागे रडार असतं, त्याच्या पुढ्यात जाड पुट्टी किंवा जाळी बसवली तर ते आंधळं होऊ शकतं. तिथे हात लावू नका.

हे सगळं मी आधुनिक तंत्र म्हणून सांगतोय खरं, पण माझ्या आजोळी, सांगलीला, हे काम दर महिन्या-दोन महिन्यांनी दारात यायचं. "बादल्याऽऽ, टब जोडूनऽऽ" अशी हाळी देत एक माणूस सायकलवर यायचा. छोटी शेगडी, दोन-तीन लोखंडी पट्ट्या आणि पिशवीभर फुटक्या प्लास्टिकचे तुकडे. आजी तडा गेलेली बादली पुढे करायची. "मामा, परवाचा टब परत गळतोय हं," असं म्हणून आधी घासाघीस. तो बादली हातात घेऊन आधी नखाने खरवडायचा, बोटाने वाजवायचा, मग पिशवीत हात घालून नेमका तुकडा काढायचा. रंग जुळतोय का हे तो बघत नसे, निळ्या बादलीला लाल ठिगळ सर्रास असायचं. तो जात बघत होता. बादलीची आणि तुकड्याची जात एक नसेल तर सांधा धरत नाही, हे त्याला अनुभवाने माहीत होतं. मग तापलेली पट्टी तड्यावरून फिरायची, धूर निघायच्या आत उचलायची. बंपरवर जे करायचं ते हेच. बादली आणि बंपर एकाच कुळातले.

म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची दुरुस्ती भारतात कुणाला माहीत नव्हती असं नाही. ती माहीत असलेला माणूस बादल्यांबरोबर गेला. बादली इतकी स्वस्त झाली की ती जोडायला कुणी थांबेना, आणि गाडी आली तेव्हा तो सायकलवाला आपल्या सोसायटीच्या गेटच्या आत येऊ शकत नव्हता.

इथे थोडं प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. पूर्व जर्मनीतली दुरुस्ती ही काही संस्कृती-बिंस्कृती म्हणून सुरू झाली नव्हती, ती मजबुरी होती. ९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत पडली, १ जुलै १९९० ला पश्चिमेचं चलन आलं, आणि ज्या ट्राबांटसाठी लोक दहा वर्षं थांबले होते तीच रस्त्याकडेला सोडून ते जुन्या फोक्सवागन आणि ओपेल घेऊन आले. मग सोडलेल्या गाड्यांचं करायचं काय, हा प्रश्न पडला. ड्युरोप्लास्ट गंजत नाही, वितळत नाही, जाळलं तर विषारी धूर. १९९८ सालच्या एमिर कुस्तुरिकाच्या 'ब्लॅक कॅट, व्हाइट कॅट' सिनेमात एक डुक्कर ट्राबांट खाताना दिसतं, तो विनोद यातूनच आलेला. मात्र आजही जर्मनीत तीस हजारांहून जास्त ट्राबांट रीतसर नोंदणी होऊन चालतात. आता कुणी त्यांच्यावर सक्ती केलेली नाही. शेवटची गाडी बनून तीन दशकं उलटली तरी त्या धावू शकतात, कारण 'माझी मदत मी कशी करू?' हे माहीत असलेली माणसं आणि ती पुस्तकं मागे उरली.

आपल्याकडे टाकून देण्याची कारणंही अगदीच मूर्खपणाची नाहीत. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, फायबरग्लासवर ३० टक्के. म्हणजे नव्या बंपरची अर्धी किंमत आपल्या खिशातून. तोवर जोडण्याचा विचार तरी व्हायचा. मग झिरो डेप्रिसिएशनची जोड आली आणि तो विचारही संपला. पण त्याच पॉलिसीत क्लेम न करणाऱ्याला दुसऱ्या वर्षापासून २० टक्के आणि वाढत वाढत ५० टक्के सूट असते, आणि बंपरच्या एका क्लेममध्ये ती जाते. हा हिशोब 'फुकटात' बंपर बदलून घेणारे आपण, दिवसभर एक्सेल शीट्स बनवणारे आपण, क्वचितच मांडतो.

प्रत्येकाने शनिवारी सोल्डरिंग आयर्न घेऊन पार्किंगमध्ये बसावं असं माझं म्हणणं नाही. वेळ नसतो, आवड नसते, आणि नवीन भाग खरंच लागतो अशाही वेळा असतात. पण "हा जोडता येतच नाही" हे वाक्य कुणी ऐकवलं तर त्याला एकच प्रश्न विचारा, हे प्लास्टिक कुठल्या जातीचं आहे? उत्तर देता आलं तर त्याचं ऐका. नाही आलं, तर बंपर उलटा करून स्वतः वाचा.